फ्रिजमध्ये उरलेल्या जिन्नसांचा उपयोग

घरच्या फ्रिजमध्ये उरणारे जिन्नस बहुधा दोन तऱ्हेचे असतात. न शिजवलेल्यांत जुडीतून उरलेली मूठभर कोथिंबीर, पाव गड्डा कोबी, एकुलते एक गाजर, अर्धी काकडी, दोन ढोबळ्या मिरच्या, खवलेला नारळ, आंबट झालेले ताक येते. शिजवलेल्यांत दीड वाटी भात, चार पोळ्या, डावभर उसळ, पातेल्याच्या तळाशी राहिलेले वरण. यातले काहीच एकट्याने चार माणसांना पुरत नाही, म्हणून ते मागे मागे सरकत कोपऱ्यात जाते आणि आठवड्याने बाहेर निघते ते फेकायलाच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभर सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा एकट्या घरांचा होता.

उरलेल्या जिन्नसासाठी पाककृती शोधायला बसले की गाडी अडते, कारण छापील कृतीला अर्धा किलो कोबी लागतो आणि घरात पाव गड्डाच असतो. मराठी स्वयंपाकात मात्र असे कितीतरी पदार्थ आहेत, ज्यांत भाजी कोणती आणि किती घालायची हे ठरलेलेच नसते. थालीपीठ, धिरडे, पीठ पेरून केलेली भाजी, वरणफळे, कढी, फोडणीचा भात हे सगळे त्यातलेच. हे पाच-सहा पदार्थ हातात बसले की वेगळी कृती लागत नाही. उरलेला जिन्नस कोणत्या अवस्थेत आहे हे पाहायचे आणि तो यांपैकी कशात खपेल ते ठरवायचे, एवढेच काम राहते.

कोमेजलेले, शिळे आणि खराब

या तीन अवस्थांची गल्लत झाली की चांगले अन्न फेकले जाते, नाहीतर वाईट अन्न पोटात जाते.

कोमेजणे म्हणजे खराब होणे नव्हे. पालेभाजी, कोथिंबीर, गाजर, मुळा यांतले पाणी उडून गेले की त्या लुळ्या पडतात. देठांची टोके छाटून पालेभाजी अर्धा तास गार पाण्यात ठेवली, की बरीचशी टवटवी परत येते. गाजर-मुळ्याला तास-दोन तास लागतात. पिवळी पाने निवडून टाकावीत. पाने बुळबुळीत झाली, काळपट पाणी सुटले किंवा कुबट वास येऊ लागला, तर मात्र ती सडू लागलेली असतात आणि धुऊन किंवा फोडणी देऊन उपयोग होत नाही. दुधी, काकडी आणि दोडका यांची एक बारीक चकती चिरतानाच चाखून पाहावी. कडू लागली तर ती फळभाजी पूर्ण टाकावी. तिच्यातली कुकुर्बिटासिन नावाची द्रव्ये शिजवल्याने नाहीशी होत नाहीत आणि उलट्या-जुलाबांनी माणूस आजारी पडू शकतो. ‘थोडे कडू आहे, गूळ घालू’ हा विचार इथे चालत नाही.

बुरशीचेही तसेच. उरलेली भाजी, पोळी, ब्रेड, दही, ओली चटणी, जॅम अशा मऊ पदार्थांवर वर ठिपका दिसतो, पण बुरशीचे तंतू आत खोलवर गेलेले असतात. वरचा भाग काढून खालचा खाणे धोक्याचे आहे. घट्ट चीजचा ठोकळा हा त्याला अपवाद. त्यावरची बुरशी चहूबाजूंनी इंचभर कापून टाकली तर उरलेला ठोकळा वापरता येतो. शेंगदाण्यांवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकते आणि ते भाजल्याने पूर्णपणे जात नाही, म्हणून असे दाणे कुटालाही घेऊ नयेत.

शिजवलेल्या अन्नात वासावर विसंबता येत नाही. पोट बिघडवणाऱ्या कित्येक जिवाणूंनी अन्नाचा वास किंवा चव बदलत नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात ते झपाट्याने वाढतात, म्हणून शिजलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यातच काय, मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरातही हा तासाचा नियमच धरावा लागतो. फ्रिजचे तापमान ४ अंशांच्या आत आणि फ्रीझरचे उणे १८ असावे. भरलेले मोठे पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवले तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. ते उथळ डब्यांत विभागून ठेवावे.

सर्वांत जास्त काळजी भाताची घ्यावी लागते. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकून राहतात. भात ओट्यावर कोमट राहिला की ते रुजतात आणि त्यांच्यापैकी काही असे विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही मोडत नाही. रात्रीचा भात ताटात पसरून पटकन निववावा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. इतर शिजवलेले पदार्थ फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चालतात असे सर्वसाधारण मार्गदर्शन असले, तरी दिवसातून पन्नासदा दार उघडणाऱ्या भरल्या घरात दोन दिवसांची मर्यादा जास्त शहाणपणाची. गरम करताना लागेल तेवढेच बाहेर काढावे, रस्सा असेल तर खळखळून उकळावा आणि तोच पदार्थ पुन्हा पुन्हा गरम करू नये.

पाकिटावरच्या तारखांचे अर्थही वेगवेगळे आहेत. ‘बेस्ट बिफोर’ ही चव आणि पोत उत्तम राहण्याची मुदत आहे. तिच्यानंतर पदार्थ नीट ठेवलेला असेल, तर तो पाहून वापरता येतो. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही सुरक्षिततेची मुदत असते आणि ती उलटल्यावर पदार्थ वापरू नये.

आधी काय संपवावे

पालेभाज्या, कोथिंबीर, मोड आलेली कडधान्ये आणि चिरून ठेवलेली कोणतीही भाजी यांचा पहिला नंबर. त्यानंतर वांगी, भेंडी, ढोबळी मिरची, फ्लॉवर. गाजर, बीट, कोबी, अखंड लाल भोपळा यांना घाई नसते. अडचण अशी, की लक्ष जाते ते मोठ्या आणि टिकाऊ वस्तूंकडे. डोळ्यांसमोर कोबीचा गड्डा असतो आणि त्यामागे मेथी पिवळी पडत असते. यावर साधा उपाय म्हणजे नजरेच्या उंचीवरच्या कप्प्यात एक पारदर्शक डबा ठेवून सारे उरलेसुरले त्यातच टाकणे आणि नवी भाजी निवडण्याआधी तो डबा उघडणे. सफरचंद, पिकलेला आंबा, पिकते टोमॅटो यांतून एथिलीन वायू सुटतो आणि त्याने शेजारच्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात, म्हणून फळे वेगळ्या कप्प्यात ठेवावीत.

थोडी थोडी भाजी

उरलेल्या भाज्यांसाठी थालीपिठाइतका भरवशाचा पदार्थ दुसरा नाही. दोन वाट्या भाजणीत एक ते दीड वाटी बारीक चिरलेली किंवा किसलेली भाजी सहज सामावते. कोबी, गाजर, दुधी, काकडी, पालक, मेथी, कांद्याची पात, मुळा, बीट यांतले काहीही चालते आणि दोन-तीन एकत्रही चालतात. यात पाण्याचा अंदाजच सगळ्यात जास्त चुकतो. भाजीला मीठ, तिखट, हळद, ओवा लावून ती दहा मिनिटे बाजूला ठेवावी. मिठाने तिला पाणी सुटते. मग त्यात मावेल तेवढी भाजणी घालून मळावे आणि गरज पडली तरच पाण्याचा हात लावावा. दुधी किंवा काकडी असेल तर वरून पाणी बहुधा लागतच नाही. आधी भाजणी भिजवून मग भाजी घातली, तर पाच मिनिटांत गोळा सैल होतो आणि थापताना हाताला चिकटत राहतो. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये भोके पाडून, भोकांत तेल सोडून, झाकण ठेवून खरपूस भाजावे. भाजणी नसेल तर ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा बेसन मिसळून काम भागते. कालची कोरडी भाजी कुस्करून याच पिठात घालता येते. तेव्हा मीठ-तिखट बेताने टाकावे, कारण ते भाजीत आधीच आहे.

पीठ पेरून भाजी हा दुसरा हुकमी मार्ग. दोन ढोबळ्या मिरच्या किंवा मूठभर कांद्याची पात एरवी कोणाला पुरत नाही, पण बेसनाने ती वाढते. तेल नेहमीपेक्षा थोडे सढळ घेऊन मोहरी, हिंग, हळदीची फोडणी करावी, भाजी अर्धवट वाफवावी आणि दोन वाट्या भाजीला तीन-चार मोठे चमचे बेसन वरून भुरभुरावे. लगेच ढवळू नये. पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून पाच मिनिटे मंद आचेवर वाफ आणली की पीठ शिजते आणि मगच हलवले तर गुठळ्या न होता मोकळे होते. बेसन आधी कोरडे भाजून ठेवले असेल तर कच्चट चवीची भीती राहत नाही. मुळ्याचा पाला, कोबी, मेथी, अगदी फ्लॉवरचा कोवळा पालाही या तऱ्हेने संपतो.

कोथिंबीर एक जुडी उरली तर वडी करावी. चिरलेल्या कोथिंबिरीत बेसन, थोडे तांदळाचे पीठ, तीळ, आले-मिरचीचे वाटण घालून घट्ट उंडे करावेत आणि वीसेक मिनिटे उकडावेत. उकडलेले उंडे फ्रिजमध्ये दोन दिवस चांगले राहतात, लागतील तसे कापून तळता किंवा परतता येतात. कोबी, पालक आणि मेथीच्या वड्याही याच मापाने होतात. कोथिंबिरीचे देठ पानांपेक्षा जास्त स्वादाचे असतात, तरी तेच सर्रास फेकले जातात; ते मिरची, आले, लसूण यांच्याबरोबर वाटून घ्यावेत.

पाच-सहा भाज्यांचे एकेक-दोनदोन तुकडे उरले असतील, तर संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी, ऋषिपंचमीची भाजी आणि गोव्याचे खतखते यांच्याकडे पाहावे. अनेक भाज्या एका भांड्यात शिजवूनही प्रत्येकीची चव राखणारे हे पदार्थ आहेत, आणि त्यांतली खुबी भाज्या टाकण्याच्या क्रमात आहे. सुरण, गाजर, बटाटा, लाल भोपळा असे कडक तुकडे आधी, ते निम्मे शिजले की फरसबी, वांगे, फ्लॉवर, मटार, पालेभाजी शेवटी. चिंच, टोमॅटो, ताक यांसारखे आंबट पदार्थ सगळे शिजल्यावरच घालावेत. आंबटपणामुळे भाजीचा गर मऊ व्हायला वेळ लागतो आणि आधीच चिंच पडली तर गाजर कितीही उकळले तरी कचकचीत राहते. तिळकूट, दाण्याचे कूट किंवा खोबऱ्याचे वाटण यांनी सारे मिळून येते. कारले अशा मिश्रणात बसत नाही, आणि बीट घातले तर सगळ्याच भाज्या लाल होतात हे लक्षात ठेवूनच घालावे.

पालक, चुका, चाकवत, माठ यांची अर्धी जुडी असेल तर तूरडाळ किंवा हरभरा डाळ, शेंगदाणे आणि थोडे बेसन लावून पातळ भाजी करावी. चार माणसांना पुरते. मऊ पडलेल्या टोमॅटोंचे सार करावे. हिरव्या मिरच्या सुरकुतू लागल्या की तव्यावर लसणाबरोबर भाजून, मीठ घालून ठेचा करावा. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणे मात्र टाळावे. तेलाखाली हवा नसते आणि तिथे बोटुलिझमचे जिवाणू वाढू शकतात. असे काही केलेच तर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.

साली, देठ, शिरा यांची गणती उरलेल्यात होतच नाही, त्या थेट कचऱ्यात जातात, आणि ते फार वाईट वाटण्यासारखे आहे, कारण मराठी घरांतल्या काही उत्तम चटण्या त्यांच्यापासूनच होतात. दोडक्याच्या शिरा सोलताना किंचित गर ठेवून काढाव्यात, स्वच्छ धुऊन बारीक चिराव्यात आणि चमचाभर तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परताव्यात. याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. आच वाढवली तर कडा करपतात आणि मध्ये ओलसर राहते. शेवटी त्यातच तीळ आणि सुके खोबरे घालून रंग बदलू द्यावा, मग तिखट, मीठ, चिमूटभर साखर घालून हाताने चुरावे. दुधीच्या कोवळ्या सालींचीही चटणी अशीच होते. फ्लॉवर आणि ब्रोकोलीचे जाड देठ वरची साल तासून आमटीत किंवा सांबारात घालावेत. नवलकोल, बीट आणि मुळा यांचा पाला भाजीसारखा शिजवावा. कलिंगडाची हिरवी साल काढल्यावर उरणारा पांढरा भाग किसून थालीपिठात किंवा धिरड्यात घातला, तर काकडीसारखाच लागतो.

भात, पोळी, भाकरी, वरण

शिजलेला भात फ्रिजमध्ये कडक होतो, पोळी वातड होते. शिजताना पाणी शोषून फुललेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट रचनेत बसू लागतो, आणि फ्रिजच्या तापमानात ही क्रिया सर्वांत जोरात होते. हे समजले की पुढचा वापर आपोआप ठरतो. कडक झालेले दाणे सुटे राहतात, म्हणून फोडणीचा भात ताज्या भाताचा गिच्च होतो आणि आदल्या रात्रीच्या भाताचा मोकळा. फ्रिजमधून काढलेला भात आधी हाताने हलकेच मोकळा करावा. कांदा, मिरची, कढीपत्ता, शेंगदाण्यांच्या फोडणीवर घालून पाण्याचा हबका मारावा आणि झाकण ठेवून दणदणीत वाफ आणावी. वाफेने स्टार्च पुन्हा सैल होतो आणि दाणा मऊ पडतो. फ्रिजमधल्या फरसबीचे, गाजराचे, कोबीचे तुकडे फोडणीतच परतून घ्यावेत. फार मऊ झालेला भात फोडणीला लागत नाही. तो बेसन, ज्वारीचे पीठ, कांदा, कोथिंबीर घालून थालीपिठासारखा थापावा किंवा वडे तळावेत. भात फारच थोडा असेल तर धिरड्याच्या पिठात वाटून घालावा.

पोळ्या हाताने कुस्कराव्यात. मिक्सरमध्ये फिरवायच्या झाल्या तर थांबून थांबून, नाहीतर भुगा होतो. फोडणीच्या पोळीत भुगा झाला की ती कोरडी लागते. थोडे मोठे तुकडे राहिले तर त्यांवर ताकाचा किंवा पाण्याचा हबका बसतो आणि पोत टिकतो. गोड करायचे तर चुऱ्यात किसलेला गूळ आणि कोमट तूप घालून लाडू वळावेत. ज्वारी-बाजरीची भाकरी जास्त लवकर कडक होते. तिचे तुकडे आंबट ताकात भिजवून वर लसूण, जिरे, हिंग, सुक्या मिरचीची फोडणी दिली की पोटभरीचा नाश्ता होतो. उन्हाळ्यात तर हा शिजवलेल्या जेवणाहून बरा वाटतो.

वरण किंवा आमटी उरली तर वरणफळे करावीत. यांनाच काही भागांत चकोल्या म्हणतात. फ्रिजमध्ये वरण दाट झालेले असते, त्यात दुप्पट गरम पाणी घालून, फोडणी देऊन, चिंच, गूळ, गोडा मसाला घालून खळखळ उकळावे. कणकेत ओवा, हळद, तिखट, तेल घालून घट्ट भिजवावी, पातळ पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापावेत आणि उकळत्या वरणात एकेक करून सोडावेत. एकदम टाकले तर एकमेकांना चिकटून गोळा होतो. आठ-दहा मिनिटांत ती शिजतात. वरण सुरुवातीला वाजवीपेक्षा पातळ वाटले पाहिजे, कारण फळे बरेच पाणी पितात. वाटीभरच वरण असेल तर त्यातच कणीक मळून पुऱ्या किंवा धपाटे करावेत. ही कणीक लगेच वापरावी लागते.

उसळीतला रस्सा वेगळा काढला की दोन कामे होतात. कोरडा भाग कुस्करून बटाट्याबरोबर पॅटिस किंवा पराठ्याचे सारण होतो. रस्सा तिखट-मसाल्याने वाढवला, उकळला आणि वर फरसाण, कांदा, लिंबू आले की मिसळ होते. मीठ जास्त झालेली आमटी किंवा उसळ बिनमिठाची शिजलेली डाळ किंवा बटाटा घालून वाढवणे एवढाच उपाय आहे. माशाचे कालवण दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेले लागते हे खरे, पण त्यापुढे ते ठेवू नये.

दूध, दही, ताक, साय

रोजची साय एका डब्यात फ्रिजमध्ये साठवून, आठवडाभरात तिला विरजण लावून लोणी काढणे हे मराठी घरांत अजून बऱ्यापैकी चालते. त्यातून ताक आणि तूप मिळतेच, शिवाय तूप कढवल्यावर तळाशी राहणारी बेरी कणकेत मळता येते किंवा पिठीसाखरेबरोबर खाता येते. दही आंबट झाले तर त्याची कढी करावी. ताकात बेसन नीट घुसळून मगच आचेवर ठेवावे आणि उकळी फुटेपर्यंत ढवळत राहावे. बेसनामुळे ताक फाटत नाही. तांदळाच्या पिठाची उकड, ताकातला पालक, मोकळ भाजणी या सगळ्यांना आंबट ताकच लागते. धिरड्याचे पीठही त्याने हलके होते.

तापवताना फाटलेले दूध ताजे असेल आणि फक्त आंबूस असेल, तर लिंबाचे थेंब घालून पूर्ण फाडावे व पनीर काढावे. निथळलेले पाणी कणीक भिजवायला किंवा आमटीला वापरावे. पाश्चराइज केलेले पिशवीतले दूध मात्र पुष्कळदा आंबट न होता कडू होते. थंडीतही वाढणारे जिवाणू त्यातली प्रथिने मोडतात, त्याचा हा परिणाम असतो. कडू किंवा घाणेरड्या वासाचे दूध कशालाही वापरू नये.

इडली-डोशाचे पीठ आंबटले तर त्यात रवा, कांदा, कोथिंबीर घालून आप्पे किंवा उत्तप्पे करावेत.

फळे, नारळ, सणानंतरचे गोड

केळी साल काळी पडली तरी आतून चांगली असतात. गर घट्ट असेल तोवर शिकरण. अगदी मऊ झाला की तो कुस्करून गूळ-कणकेत मळावा आणि गोड पुऱ्या कराव्यात, किंवा सत्यनारायणाच्या प्रसादासारखा केळे घातलेला शिरा करावा. गोवा आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचे बन्स अशाच केळ्यांचे होतात. जून काकडीचे कोकणात धोंडस आणि गोव्यात तवसळी करतात. बिया काढून किसलेली काकडी, तांदळाचा रवा, गूळ आणि नारळ यांवर हे गोड पदार्थ उभे राहतात. लाल भोपळ्याच्या उरलेल्या फोडीचे घारगे करावेत.

नारळ फोडला की निम्मा उरतोच. तो लगेच खवून, डब्यात पातळ पसरून फ्रीझरमध्ये ठेवावा, म्हणजे चमच्याने हवा तेवढा काढता येतो. नारळाचे दूध काढून राहिलेला चोथा कोरड्या चटणीत किंवा पिठल्यात घालावा. पुरण उरले तर ते फ्रीझरमध्ये महिनाभर राहते. गुलाबजामचा पाक गाळून, उकळून शंकरपाळ्यांच्या पिठाला वापरावा, मात्र साखर त्या हिशेबाने कमी करावी. आमरस फ्रिजमध्ये दोन दिवसांहून जास्त ठेवू नये. तो गोठवावा किंवा साखर घालून मंद आचेवर आटवून बर्फी करावी.

फ्रीझरचा उपयोग

आज संपणार नाही असे दिसले, की पदार्थ चांगला असतानाच गोठवावा. तीन दिवस फ्रिजमध्ये पडून कंटाळा आल्यावर फ्रीझरमध्ये टाकलेले अन्न बाहेर काढल्यावरही तेवढेच शिळे असते. थंडी जिवाणूंना थोपवते, मारत नाही. गोठताना पाण्याचे स्फटिक होतात आणि भाजीच्या पेशी फुटतात, म्हणून काकडी, कोशिंबिरीचा टोमॅटो, कोथिंबिरीची अखंड पाने बाहेर काढल्यावर लिबलिबीत होतात. शिजवायच्याच वस्तू गोठवाव्यात. मटार, फरसबी, गाजराचे तुकडे उकळत्या पाण्यात दोन मिनिटे टाकून लगेच गार पाण्यात काढावेत; त्यामुळे रंग आणि चव बिघडवणारी विकरे थांबतात. नंतर कोरडे करून पिशवीत पसरून ठेवावेत. कांदा-खोबऱ्याचे भाजलेले वाटण, आले-लसूण, टोमॅटोचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या काढून ठेवल्या की एकेक वडी फोडणीत टाकता येते. प्रत्येक पिशवीवर नाव आणि तारीख लिहावी; गोठलेले वरण आणि गोठलेले पुरण ओळखू येत नाही.

वीज गेली तर दार उघडू नये. बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास पुरेसा थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस. वितळून गेलेले पदार्थ पुन्हा गोठवू नयेत. अजून गार असलेले त्याच दिवशी शिजवून संपवावेत.

इतके करूनही काही टाकावे लागतेच. साली, देठ, चहाचा चोथा, खराब झालेली कच्ची भाजी हे सगळे गच्चीवरच्या किंवा सोसायटीतल्या खताच्या पिंपात जाऊ शकते. ओल्या थराबरोबर सुकी पाने, नारळाचा काथ्या किंवा लाकडाचा भुसा यांचा तेवढाच कोरडा थर टाकावा, नाहीतर पाणी साठून वास सुटतो. तेलकट रस्सा, मासे-मटणाचे अवशेष आणि दुधाचे पदार्थ घरगुती पिंपात घालू नयेत. त्यांनी माश्या आणि उंदीर येतात. ते पालिकेच्या ओल्या कचऱ्यात वेगळे काढून द्यावेत.